डब्यातला कच्चा फणस कपाटात मागे पडलाय, काय काय करता येईल?

ओवी_ओहायो

मंडळी, आज पॅन्ट्री आवरताना अगदी खालच्या खणात, तांदळाच्या पिशवीमागे कच्च्या फणसाचे तीन टिन सापडले. ‘यंग ग्रीन जॅकफ्रूट इन ब्राइन’ (मिठाच्या पाण्यातला कोवळा फणस) असं लिहिलंय, थायलंडचा माल, एकेक टिन ५६५ ग्रॅमचा आणि निथळल्यावर २८० ग्रॅम. कधीतरी एशियन दुकानात सेल होता तेव्हा घेतले असणार आणि मग राहूनच गेले. वरची तारीख दोन महिन्यांपूर्वीच उलटलीय, पण टिन दिसायला धड आहेत.

माझं माहेर चिपळूणकडचं, त्यामुळे फणसाची भाजी म्हटलं की डोळ्यासमोर भरपूर खोबरं आणि ओले काजू घातलेली भाजीच येते, पण डब्यातल्या फणसाची ती तशी होते का? आणि नुसती भाजीच नको, वेगवेगळं सुचवा. सासूबाई-सासरे इथे आलेत, त्यांना सोमवारी आणि चतुर्थीला कांदा-लसूण चालत नाही, एरवी चालतं. मुलं भाजी म्हटली की नको म्हणतात पण कटलेट, रोल असं काही असलं की खातात. ओव्हन, एअरफ्रायर, इन्स्टंट पॉट सगळं आहे. वीकेंडला करायचंय, पटापट लिहा.

निशिगंध

ओवी, पाककृती येतीलच भरपूर, आधी टिनचं बघून घे. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेय म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

टिन वरून किंवा खालून फुगलंय का बघ. शिवणीवर पोचा आलाय का, खोल गंज आहे का, कुठून चिकट ओघळ आलाय का तेही बघ. यातलं काहीही असलं तर न उघडता टाकून दे. उघडताना हवा आत ओढल्याचा बारीक आवाज येतो तो चांगला, आत व्हॅक्यूम असतं त्याचा तो आवाज. पण पाणी जोरात बाहेर उडालं किंवा वास वेगळा आला तर चाखूनसुद्धा बघायचं नाही. बोट्युलिझमच्या (बिघडलेल्या डबाबंद अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या) विषाला दर वेळी वास-चव असतेच असं नाही, म्हणून ‘जरासं जिभेवर ठेवून बघते’ हे संशय आलेल्या टिनच्या बाबतीत कधीच करू नका कुणी.

तारीख उलटली याची काळजी नको. त्या ‘बेस्ट बाय’ तारखेचा संबंध चवीशी आणि पोताशी असतो. अमेरिकेच्या शेतीखात्याचं म्हणणं असं की टोमॅटो, अननस असे आंबट टिन साधारण १२ ते १८ महिने चांगले राहतात आणि मका, मटार अशा कमी आंबट भाज्यांचे २ ते ५ वर्षं, अर्थात टिन धड असेल आणि कोरड्या, थंड जागी असेल तर.

आता स्वयंपाकाच्या कामाचं. टिनमधली भाजी कच्ची नसते. डबा बंद करून मगच तो तापवतात, भाजी कमी आंबट असेल तर दाबाखाली साधारण १२१ डिग्रीला, आणि सायट्रिक ॲसिड घालून पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली आणला असेल तर उकळत्या पाण्याच्या तापमानावर भागतं. म्हणजे दोन्हीकडे तुझा फणस शिजलेलाच आहे. मागचं लेबल वाच, सायट्रिक ॲसिड लिहिलं असेल तर तो चवीला आंबटसर लागणार, जास्त धुवावा लागेल. नुसतं पाणी-मीठ असेल तर कमी त्रास.

रत्नांग्रीचा_बाबू

मी स्पष्ट सांगतो, कुयरीच्या, म्हणजे ताज्या कोवळ्या फणसाच्या, भाजीची चव त्या टिनात शोधू नका.

आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात कुयऱ्या धरतात, त्यातल्या काही काढाव्याच लागतात नाहीतर झाडावर भार होतो. आजी अंगणात विळी घेऊन बसायची, खाली वर्तमानपत्र, पात्याला आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल. कुयरी मधोमध चिरली की पांढरा चीक टपटप गळायचा, तो ती नारळाच्या किशीने पुसून घ्यायची, मग काटेरी साल जाड काढायची, मधला दांडा काढायचा आणि फोडी लगेच हळद घातलेल्या पाण्यात, नाहीतर काळ्या पडतात. शिजवून झाल्या की वरवंट्याने हलक्या हाताने ठेचायच्या म्हणजे त्याचे रेषे मोकळे होतात. फोडणीत हिंग, मोहरी, हळद, सुक्या मिरच्या, वर काळे वाटाणे नाहीतर कडवे वाल, ओले काजू, गूळ आणि ओलं खोबरं सढळ हाताने. त्या भाजीला कुयरीचा स्वतःचा एक किंचित तुरट हिरवा वास असतो आणि तोच टिनात राहत नाही, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने राहिल्यावर राहणार कुठून.

म्हणून म्हणतो, टिनाचा फणस मसालेदार कशात तरी वापरा. मालवणी मसाल्यातलं सुकं करा. साधी खोबऱ्याची भाजी त्याची करू नका, माहेरची आठवण येऊन उलट वाईट वाटेल.

माजघर

बाबूराव, तुमच्या आजीची भाजी वाचूनच तोंडाला पाणी सुटलं, पण तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. मी न्यू जर्सीत गेली कित्येक वर्षं टिनचीच भाजी करते आणि ती खोबरं घालूनच करते. हुबेहूब कुयरीची होत नाही हे मान्य, पण चांगली होते. लोकांची बिघडते ती आधीच्या तयारीत. टिन उघडतात, पाणी ओततात आणि तुकडे थेट फोडणीत टाकतात, मग ते पाणी सोडतात आणि भाजीचा खारट लगदा होतो आणि दोष फणसाला.

ओवी, असं कर. टिन चाळणीत ओत, वाहत्या पाण्याखाली खळखळून धू, मग स्वच्छ गार पाण्यात अर्धा तास ठेव, मध्ये एकदा पाणी बदल. एक तुकडा चाखून बघ, खारट-आंबट लागत असेल तर अजून एकदा. मग मलमलच्या फडक्यात बांधून पनीरचं पाणी काढतो तसं घट्ट पिळ, बरंच पाणी निघेल.

मग एकेक तुकडा हातात घे. तो त्रिकोणी असतो. टोकाकडचा भाग टणक, दाबला तर दबत नाही, तो मधल्या दांड्याचा, तो काढून टाकू नको, सुरीने एकदम बारीक चीर. मधला भाग बोटाने दाबला की रेषे सुटे होतात. आणि रुंद कडेला कधीकधी पातळ सालीत कोवळी बी असते, मऊ असते, तीही खायची, सालपट जाड वाटलं तर तेवढं काढ. हे तीन भाग वेगळे हाताळले ना की भाजी एकसारखी होते, मध्येच दाताखाली टणक काही येत नाही.

भाजी एका टिनची: अर्धी वाटी काळे वाटाणे रात्रभर भिजवून कुकरला शिजवलेले. काजू साधे पांढरेच, तासभर गरम पाण्यात भिजवले की ओल्या काजूच्या जवळ जातात. पसरट कढईत तीन चमचे तेल, मोहरी, भरपूर हिंग, हळद, चार सुक्या मिरच्या मोडून. आता फणस घाल आणि झाकण न ठेवता मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं परत, कडा जराशा लाल व्हायला हव्यात. इथे घाई नको, चव यातच येते. मग वाटाणे, काजू, सुपारीएवढा गूळ, थोडं लाल तिखट, दोन वाफा, शेवटी पाऊण वाटी ओलं खोबरं (फ्रोजन चालतं, आधी पूर्ण वितळू दे) आणि कोथिंबीर. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखूनच, खूपदा लागतच नाही. यात कांदा-लसूण नाही, म्हणजे सोमवारी चालेल. ज्यांना चालतो त्यांनी वरून ठेचलेल्या लसणीची खमंग फोडणी घ्यावी.

रत्नांग्रीचा_बाबू

@माजघर, परतून कडा लाल करायच्या हे पटलं. आम्ही तसं करत नाही कारण ताज्या कुयरीला गरज नसते, पण टिनाला करायला हवं. विरोध मागे घेतो, मात्र खोबरेल तेलात परता, तेवढं माझं ऐका.

कारवारचं_पाणी

ओवीताई, आमच्या सारस्वतांकडे कच्च्या फणसाला कडगी म्हणतात आणि त्याचा कडगी चक्को करतात, मंगळूर-कारवार बाजूला घरोघरी. टिनसाठी हा प्रकार मला भाजीपेक्षाही बरा वाटतो कारण वाटण जाडसर असतं आणि फणसातलं उरलंसुरलं पाणी तेच शोषून घेतं.

चमचाभर तेलात एक चमचा उडीद डाळ, दोन चमचे धणे आणि पाच-सहा ब्याडगी मिरच्या मंद आचेवर परतायच्या, डाळ गुलाबी झाली की उतरवा. हे एक वाटी ओलं खोबरं आणि बोराएवढी चिंच घालून पाणी अगदी कमी घालत भरड वाटायचं, गुळगुळीत नको. पिळलेला फणस हाताने कुस्करून घ्या. कढईत तो, वाटण, गूळ, लागेल तसं मीठ, सगळं एकत्र करून मंद आचेवर कोरडं होईपर्यंत. वरून खोबरेल तेलात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. तुमचा टिन सायट्रिक ॲसिडवाला असेल तर चिंच निम्मी करा. कांदा नाही, लसूण नाही. डाळ-भाताबरोबर दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो.

लिंबाचं_झाड

हॅम्बुर्गहून. इथे ताजा कच्चा फणस बघायलाही मिळत नाही त्यामुळे टिन माझ्याकडे कायम असतोच, आणि माझा अनुभव असा की मुलांना द्यायचा असेल तर ओव्हनला पर्याय नाही.

धुवून, पिळून, रेषे सुटे करून घ्यायचे. एका टिनला दोन चमचे तेल, दीड चमचा काळा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला, चमचाभर चिंचेचा कोळ, चमचाभर किसलेला गूळ, थोडी धणेपूड, सगळं चोळून अर्धा तास मुरू द्यायचं. मग ट्रेवर बेकिंग पेपर घालून पातळ एका थरात पसरायचं, ढीग करायचा नाही. २०० डिग्री सेल्सिअसला २५ ते ३० मिनिटं, मध्ये एकदा उलथायचं. रेषे कडेला कुरकुरीत आणि मध्ये चिवट असे होतात. ते पोळीत काकडी, कांदा, हिरवी चटणी घालून रोल करायचे किंवा पाव कापून आत भरायचे, शेंगदाण्याची सुकी लाल चटणी भुरभुरून. अमेरिकेत शाकाहारी लोक बार्बेक्यू सॉसमध्ये शिजवून बर्गरमध्ये घालतात तोच हा प्रकार, मसाला आपला. ओवी, तुझी मुलं तिथलीच, त्यांना ही चव ओळखीची वाटेल बघ.

एअरफ्रायरमध्ये १९० ला १२-१५ मिनिटांत होतं पण थोडं थोडं करावं लागतं, रेषे हलके असतात, पंख्याने उडून वर चिकटतात.

चैत्रपालवी

एक शंका. आमच्याकडे सगळे शाकाहारी, मुलगा जिमला जातो आणि त्याने कुठेतरी वाचलं की फणस मटणाऐवजी चालतो, म्हणून तो आठवड्यातून तीनदा मागतोय. प्रोटीन असतं का त्यात खरंच?

निशिगंध

चैत्रपालवी, अगदीच थोडं. मटणाशी त्याचं साम्य फक्त रेष्यांचं आहे, चावताना तसं वाटतं एवढंच. शंभर ग्रॅममागे दोन-तीन ग्रॅमच्या वर प्रोटीन धरूच नका. फायबर चांगलं असतं, पोट भरतं, पण मुलाला प्रोटीनसाठी फणस देत असाल तर त्याच ताटात काळे वाटाणे, हरभरे, पनीर, दही यातलं काहीतरी हवंच. आपल्या जुन्या भाजीत वाटाणे आणि काजू होतेच बघा. आणि टिनचा असेल तर मिठाकडे लक्ष द्या, घरात कुणाला ब्लडप्रेशर असेल तर भिजवून पाणी बदलणं अजिबात टाळू नका.

पळसफूल

बिर्याणी कुणीच लिहिली नाही अजून? मी हैदराबादला राहते, इथे लग्नाच्या शाकाहारी पंगतीत कच्च्या फणसाची बिर्याणी हमखास, आणि टिनच्या फणसाची तर फारच सोपी कारण तो शिजलेला असतो, फक्त मुरवायचा. दोन टिन घे, तुकडे मोठेच ठेव, रेषे करू नको, पिळून घेतले की तेलात सोनेरी होईपर्यंत तळ किंवा जास्त तेलात परत (ही पायरी गाळलीस तर दमात विरघळतात), मग एक वाटी घट्ट दही, पाणी निथळलेलं, त्यात आलं-लसूण पेस्ट, हळद, तिखट, गरम मसाला, पुदिना-कोथिंबीर, तळलेला कांदा चुरून आणि लिंबू अर्धंच, सगळं लावून तासभर ठेव. बासमती खडा मसाला आणि मीठ घातलेल्या पाण्यात थोडा कच्चट ठेवून निथळून घे, शीत दाबलं तर मध्ये कणी लागली पाहिजे. जाड बुडाच्या पातेल्यात तूप, खाली सगळा फणस दह्यासकट, वर भात, वर तळलेला कांदा, केशराचं दूध, परत थोडं तूप, झाकणाला कणीक लावून बंद, पाच मिनिटं मोठी आच आणि मग तवा खाली ठेवून वीस मिनिटं अगदी मंद. उघडल्यावर लगेच ढवळू नको, दहा मिनिटं तशीच राहू दे, आणि वाढताना कडेने उलथनं खालपर्यंत घालून थर न मोडता काढ. मिठाचं मात्र लक्षात ठेव, फणसाच्या मसाल्यात मीठ नेहमीच्या निम्मंच.

हावडा_ते_दादर

लग्नानंतर कोलकात्यात आले आणि कळलं की इथे कच्च्या फणसाचं प्रेम आपल्यापेक्षा जराही कमी नाही. एचोड़ म्हणतात आणि थेट मटणाच्या पद्धतीने करतात. बटाट्याच्या मोठ्या फोडी हळद लावून तळायच्या, फणस तळायचा, मग मोहरीच्या तेलात तमालपत्र, जिरं, थोडी साखर (साखरेने रश्शाला रंग येतो), आल्याचं वाटण, जिरे-धणेपूड, टोमॅटो, तेल सुटेपर्यंत परतून फणस-बटाटा आणि गरम पाणी, शेवटी तूप आणि ताजा कुटलेला गरम मसाला. सोमवारी करायचं असेल तर कांदा-लसूण न घालताही हा रस्सा उत्तम होतो, इथे निरामिष जेवणात तसाच करतात. बटाट्यामुळे टिनमधला जास्तीचा खारटपणाही थोडा कमी जाणवतो.

सह्याद्रीपार

मी नोकरीमुळे काही वर्षं इंडोनेशियात होतो, योग्यकर्ता शहर गुदेगसाठी ओळखलं जातं. कच्चा फणस नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून तासन्‌तास मंद शिजवतात, सागाची पानं घालतात त्यामुळे लालसर तपकिरी रंग येतो. गोड असतो, आपल्याला पहिल्या घासाला नवल वाटतं, पण बरोबर झणझणीत सांबल (तिथली मिरचीची चटणी) घेतलं की जमून जातं. टिनचा फणस, नारळाच्या दुधाचा टिन, गूळ, धणे, लसूण, कांदा, तमालपत्र, एवढ्यावर स्लो कुकरला घरी बरंच जवळपास जाता येतं. श्रीलंकेतही पोलोस म्हणून कोवळ्या फणसाचं कालवण असतं, ते भाजलेल्या मसाल्याचं, काळपट आणि तिखट. केरळमध्ये इडिचक्का तोरन म्हणजे कोवळा फणस कुटून खोबऱ्यात परतलेला. केरळने तर २०१८ मध्ये फणसाला राज्याचं अधिकृत फळच केलं, बांगलादेशचं ते राष्ट्रीय फळ आहे. आपल्या कोकणात एवढे फणस झाडाखाली सडून जातात आणि परदेशात आपण थायलंडचा टिन विकत घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रत्नांग्रीचा_बाबू

@सह्याद्रीपार, अगदी मनातलं बोललात. गरे तळून विकतात, साटं (फणसपोळी) घालतात, पण कुयरी नीट कापून भरणारे फार थोडे. चिकाचं काम आहे, माणसं मिळत नाहीत, आणि मोसम नेमका आंब्याच्या तयारीच्या वेळी येतो, बागायतदाराचं लक्ष तिकडे. तरी करायला हवं.

खमंग_थालीपीठ

मुलांसाठी कटलेट. एका टिनला दोन मध्यम बटाटे उकडून, गार करून किसलेले. फणस पिळून एकदम बारीक चिरून आधी कोरड्या तव्यावर पाच मिनिटं परता, ओल जायलाच हवी नाहीतर कटलेट तेलात फुटतात. आलं-मिरची-जिरं वाटून, गरम मसाला, आमचूर थोडंच, कोथिंबीर, दोन चमचे भाजलेलं बेसन. चपट्या वड्या करून रव्यात घोळवून अर्धा तास फ्रीजमध्ये, मग तव्यावर तेल सोडून दोन्हीकडून लाल. आत चीजचा तुकडा ठेवलात तर मुलं विचारतच नाहीत आत काय आहे.

थालीपीठातही घालते मी, भाजणीत मूठभर बारीक चिरलेला फणस, कांदा, तीळ, ओवा. काकडीच्या थालीपीठासारखं पाणी सुटत नाही, त्यामुळे थापायला सोपं.

ओवी_ओहायो

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! सांगते काय काय झालं.

टिन तपासले, तिन्ही ठीक होते. लेबलवर सायट्रिक ॲसिड होतंच, म्हणून पाणी दोनदा बदललं, पहिल्या पाण्यानंतरही तुकडा लिंबाच्या लोणच्यासारखा आंबट लागत होता, दुसऱ्यानंतर गेला. सोमवारी माजघरच्या पद्धतीची भाजी, खोबरेल तेलात, काळे वाटाणे घालून. पिळताना फडक्यातून जवळजवळ वाटीभर पाणी निघालं, मला वाटलंच नव्हतं एवढं असेल. टणक टोकं वेगळी बारीक चिरली ते फारच कामाचं ठरलं. सासरे देवरुखचे, त्यांनी पहिला घास घेऊन विचारलं की इथे कुयरी कुठे मिळाली. मग टिन दाखवला तर चष्मा लावून पूर्ण लेबल वाचलं आणि परत वाढून घेतली. बाबू, तुमचंही बरोबर आहे, तो हिरवा तुरट वास नाही, मला जाणवलं, पण परतल्याने जो खमंगपणा येतो त्यावर भाजी उभी राहते.

दुसऱ्या टिनचे अर्धे रेषे ओव्हनमध्ये, लिंबाच्या झाडाचा काळा मसाला आणि गूळ लावून, पोळीच्या रोलमध्ये. मुलांनी ट्रेवरचे कुरकुरीत तुकडे नुसतेच संपवले, रोलला जेमतेम उरले. उरलेला अर्धा टिन धुतलेला तसाच आहे, कटलेटचे करेन म्हणते पण दोन दिवस वेळ नाही. टिनमध्येच झाकून फ्रीजला ठेवलाय, चालेल ना?

निशिगंध

लगेच काढ त्यातून! उघडलेल्या टिनमध्ये हवा लागली की आंबट-खारट पदार्थात धातू उतरायला लागतो आणि भाजीला धातूची चव लागते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. त्यापेक्षा जास्त ठेवायचा तर आत्ताच पिळून, रेषे करून झिपलॉकमध्ये पातळ पसरून फ्रीझर. पिळल्याशिवाय गोठवू नकोस, बर्फ होऊन रेषे मऊ पडतात. मसाला लावून गोठवलास तर अजून छान, थेट तव्यावर टाकता येतो.

चैत्रपालवी

याच धाग्यात विचारते, आमच्याकडे गुजराती शेजारणीने दिलेला डब्यातला पात्रा पडून आहे. त्याचं काय करतात?

माजघर

पात्रा म्हणजे आपली उकडलेली अळूवडीच गं, फक्त गोड-आंबट जास्त. दोन्ही झाकणं कापून उंडा मागून हलकेच ढकल, अखंड बाहेर येतो. अर्धा इंचाचे काप कर, कागदावर टिपून घे, तव्यावर कमी तेलात दोन्हीकडून कुरकुरीत. मग मोहरी, तीळ, हिंग, कढीपत्त्याची फोडणी वरून, खोबरं-कोथिंबीर. खूप गोड वाटला तर वरून हिरव्या मिरचीचा ठेचा. मोडलेले काप असतील तर कांदा-टोमॅटोच्या पातळ रश्शात सोड, उंधियूसारखं लागतं.

कारवारचं_पाणी

आणि बांबूच्या कोंबांचा टिन असेल कुणाकडे तर तोही असाच. आमच्याकडे पावसाळ्यात ताजे कोंब पातळ चिरून पाणी बदलत भिजवतात आणि मग वापरतात, टिनमधले भिजवायची गरज नाही पण पाच मिनिटं उकळून ते पाणी टाका, टिनचा वास जातो. मग काळे वाटाणे किंवा मूग घालून खोबऱ्याच्या वाटणातली आमटी करा, नाहीतर बारीक चिरून तांदळाच्या रव्यात घोळवून तव्यावर फोडी.

ओवी_ओहायो

@निशिगंध काढला लगेच, पिळून फ्रीझरमध्ये गेला. तिसरा टिन बिर्याणीला ठेवलाय, पळसफूल, दोन टिन म्हणतेस तर शनिवारी अजून एक आणावा लागेल.

पळसफूल

आणताना लेबल नीट बघ, त्याच फळीवर पाकातल्या पिकलेल्या गऱ्यांचेही टिन असतात, रंगीत चित्र जवळजवळ सारखंच. ‘ब्राइन’ लिहिलेलाच घे. आणि एकच असेल तर एकाचीच कर, उरलेली जागा बटाट्याने भर.

लिंबाचं_झाड

मोठ्या इंडियन ग्रोसरीत जाणार असशील तर फ्रीझरमध्येही बघ, कापलेला कच्चा फणस गोठवलेला मिळतो, कधी केरळचा असतो. त्याला खारट-आंबटपणाची भानगडच नाही आणि बाबूंचा तो हिरवा वास थोडा तरी असतो. फक्त तो शिजलेला नसतो, म्हणून थोडं पाणी आणि हळद घालून इन्स्टंट पॉटला पाच मिनिटं, मग निथळून पुढचं सगळं माजघरने लिहिल्याप्रमाणे.

रत्नांग्रीचा_बाबू

गोठवलेला मिळाला तर त्याची साधी खोबऱ्याची भाजी करा आणि टिन बिर्याणीला ठेवा. वाटाणे आदल्या रात्रीच भिजत घाला, काळे वाटाणे आयत्या वेळी शिजत नाहीत.